हिवाळ्यातला कूलर

साऱ्या अकोल्यात उन्हाळ्याची वाट पाहणारा एकच माणूस आहे आणि तो आमच्या घरात आहे. फेब्रुवारी सरत आला की बाकीचं गाव आभाळाकडे बघून सुस्कारे सोडायला लागतं, डोक्याला बांधायचे दुपट्टे धुंडाळतं, हौशी लोक चिखलदऱ्याला जायचे बेत आखतात आणि ते बेत दरवर्षीप्रमाणे परतवाड्याच्या अलीकडेच विरून जातात. आमचे मोठेबाबा मात्र त्याच सुमारास दाढी करून, धुतलेली बंडी घालून अंगणात खुर्ची टाकतात आणि उन्हाकडे असे बघत बसतात, जसा काही पाव्हणा स्टेशनावर उतरलाय आणि आता रिक्षात बसलाच असेल. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पुण्याकडे त्यांना काका म्हटलं असतं. आमच्या वऱ्हाडात वडिलांच्या मोठ्या भावाला मोठेबाबा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मोठीआई. संध्याकाळच्या बातम्यांत गावोगावचं तापमान सांगतात तेव्हा त्यांच्या घरात कोणी शिंकायचंही नाही असा दंडक आहे. अकोला पहिलं आलं की ते मांडीवर थाप मारतात, घरचं पोरगं बोर्डात आलं असावं तशी. एखाद्या दिवशी चंद्रपूर पुढे गेलं तर त्यांना जेवण जात नाही. "थ्यायचा काटाच खराब हाय," ते म्हणतात. "आपल्या इथं सावलीत मोजते. थे लोक तव्यावर ठेवत असन." मी नोकरीनिमित्त अमरावतीला राहते, आणि अमरावतीचा आकडा बहुतेक अकोल्याच्या खालीच राहतो, म्हणून मला ते फोनवर सांत्वन केल्यासारखं विचारतात, "काय वं, गार हाय म्हनते तुमच्या इकडं? जपजो मायबाई."

त्यांच्या या उन्हाळाप्रेमाचं कारण घराच्या खिडकीत बसलेलं आहे. ते म्हणजे त्यांचा कूलर. माझी चुलतबहीण, म्हणजे मोठेबाबांची एकुलती एक लेक, जिला मी ताई म्हणते, ती दहावीला होती तेव्हा उकाड्यानं तिला झोप येईना म्हणून त्यांनी तो वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पत्र्याचा बनवून घेतला. वेल्डिंगवाल्यानं माप विचारलं तेव्हा मोठेबाबांनी दोन्ही हात पसरून दाखवले. माणूस उत्साहात होता, हात जरा जास्तच पसरले गेले. कूलर घरी आला तो हातगाडीवरून, पुढे दोन आणि मागे दोन माणसं लावून, आणि दारातून काही केल्या आत जाईना. आडवा केला, उभा केला, तिरपा केला. शेवटी मोठेबाबांनी भिंतीकडे एकवार पाहिलं आणि पहार मागवली. त्यामुळे आमच्याकडे खिडकी होती म्हणून कूलर बसवला असं झालेलं नाही. कूलर होता म्हणून खिडकी झाली. आत पंखा बसवला तो कुठल्याशा बंद पडलेल्या टॉकीजचा, भिंतीतून हवा बाहेर फेकायचा. तो चालू झाला की कॅलेंडर आडवं होऊन उडायचं, ताटातली पोळी ताट सोडायची आणि पाव्हण्या बायका दोन्ही हातांनी पदर धरून चहा कसा प्यावा या विचारात पडायच्या. मोठीआईनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, रेडा. तेच पडलं.

रेड्यासारखाच तो पाणीही प्यायचा. आता हे पाणी पाजणं दुसऱ्या कोणाच्या घरी एवढं गाजलं नसतं, पण मोठेबाबा पाणीपुरवठ्यात व्हॉल्वमन होते. खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून ते सायकलीवरून निघाले की गल्लीतल्या बायका गुंड, बकेटा, पिंप घेऊन नळाशी उभ्या राहायच्या. अकोल्यात रोज नळ येणं हे कोणी स्वप्नातही मागत नाही. त्यामुळे ज्याच्या हातात व्हॉल्व, त्याला जयभीम करताना लोक कंबरेतून जरा जास्तच वाकायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते अजून पहाटे उठून जमिनीला कान लावल्यासारखे ऐकत बसतात आणि सांगतात, "चढून राहिलं पानी. तिकडच्या लायनीत आलं, आता आपल्यात येते." त्यांच्या लेखी घरात पाण्याचा पहिला मान कूलरचा. पाव्हणा दारात आला, दमून टेकला, की ते आत बघून ओरडतात, "पाजलं काय वं त्याले?" पाव्हण्याला वाटतं आपल्याबद्दलच विचारून राहिले. मग मोठीआई बादली घेऊन पाव्हण्याच्या समोरून खिडकीकडे जाते आणि जाताजाता सुनावते, "घ्या बाप्पा, पह्यले रेडा पेते आमच्या घरी. उरलं तं तुमाले देतो."

त्याचा आवाज असा होता की त्याच्यापुढे बसून हळू बोलणं शक्य नव्हतं. उन्हाळाभर आम्ही एकमेकांना मीठ मागायचो तेही सभेत घोषणा दिल्यासारखं, आणि उन्हाळा संपला तरी आवाज खाली यायचा नाही. मी आज अमरावतीला एका शाळेत शिकवते, तिथे आमचे हेडमास्तर म्हणतात, "मॅडम, तुमचा तास शेजारच्या वर्गालाही होतो, त्याचा पगार वेगळा मागू नका म्हणजे झालं." त्यांना काय सांगणार! मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. ही गोष्ट मी कोणालाही, कोणी न विचारता, सांगत असते. आमचं खेडं दर्यापूरकडे, काळ्या मातीत. बारावीनंतर मोठेबाबाच मला अकोल्याला घेऊन आले आणि ताईच्या शेजारी, कूलरच्या समोर, माझी चटई टाकली. ताई तेव्हा नर्सिंग करत होती. पुस्तकाची पानं उडू नयेत म्हणून मोठेबाबांनी मोर्णा नदीतून चांगले चपटे गोटे निवडून आणले होते. एक इतिहासावर, एक मराठीवर. मी तीन उन्हाळे त्या गोट्यांखालची पानं वाचली आणि बी.ए. झाले. निकालाच्या दिवशी मोठेबाबा झेंडूचा हार घेऊन आले. मी मान पुढे केली. ते माझ्या बाजूनं सरळ पुढे गेले आणि हार कूलरला घातला. मग उरलेलं एक फूल माझ्या हातात ठेवून म्हणाले, "तू बी मेहनत केली, नाई म्हनत नाई." आजही कोणी नवा माणूस भेटला की ते त्याला खिडकीकडे बोट दाखवून सांगतात, "बी.ए. हाय थो." मला याचा राग येतो. अभ्यास मी केला होता. पण ते ठीक.

आता या रेड्याची दरवर्षीची डागडुजी हा आमच्या घरातला सण. होळी झाली की काम सुरू आणि चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आत रंग लागलाच पाहिजे. आमच्या वस्तीत जयंतीला सगळ्यांचीच घरं रंगतात, निळे झेंडे लागतात, पताका लागतात. पण लोक भिंतींपासून सुरुवात करतात आणि मोठेबाबा कूलरपासून. पंप उघडायचा, नळ्यांच्या भोकांत दाभण घालून क्षार काढायचा, खालचा पाण्याचा टप घासायचा, गंजलेल्या जागी आतून डांबर द्यायचं, बाजूच्या जाळीदार ताट्यांतलं जुनं गवत काढून नवं भरायचं, त्यात मूठभर वाळा. करंट उतरतो का हे ते हाताची मागची बाजू लावून पाहतात आणि झटका बसला की समाधानानं मान हलवतात. "करंट हाय म्हंजे जीव हाय." मग पॉलिश पेपरनं घासणं, आणि मग रंग. यासाठी मी दरवर्षी अमरावतीहून जुना ड्रेस पिशवीत घालून येते, हे ठरलेलं. घासताना एखाद्या कोपऱ्यात पोपडा निघतो आणि खाली सगळी वर्षं दिसतात. पिवळा म्हणजे मी बी.ए. झाले ते वर्ष, मोरपंखी म्हणजे ताईला नोकरी लागली ते, फिक्कट गुलाबी म्हणजे ताईचं लग्न. दुपारी रंग मारून कूलर अंगणात उन्हात ठेवला की चहा होईस्तोवर खडखडीत वाळतो. अकोल्याचं ऊन आहे ते; मोठेबाबा त्याच्याकडे घरच्या माणसासारखं बघतात.

रंग कोणता द्यायचा हे मात्र त्यांनी कधीच ठरवलं नाही. तो मान ताईचा. ताई लग्न होऊन आधी नागपूरला आणि तिथून कॅनडात गेली, तरी तो तिचाच राहिला. मार्च लागला की फोन जायचा, "सांग वं, कोनता?" एका वर्षी ती म्हणाली, "बाबा, टील." मोठेबाबा 'टील' हा शब्द घोकत रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, तीळ का, पांढरे की काळे? घरी येऊन पुन्हा फोन, मग तिनं मोबाइलवर चित्र पाठवलं, आणि मोठेबाबा तो मोबाइल दुकानातल्या डब्यांवर धरून सकाळभर फिरले. आणला तो शेवटी निळाच. ताईला पडद्यावर दाखवला तर ती म्हणाली, "अगदी हाच, बाबा!" लेकीनं एवढं खोटं बोलावं इतकी ती दूर गेली होती, हे मला तेव्हा कळलं. मोठेबाबांनाही कळलं असेल. ते नुसते म्हणाले, "फोनमंदी फरक पडते थोडा."

जावयाशी त्यांचं फारसं जमत नसे. माणूस भला, पण हळू बोलणारा. आणि हळू बोलणारा माणूस काहीतरी लपवतो असं या घराचं मत. ते मत एका आश्विनात बदललं. ताईनं व्हिडिओ पाठवला होता: तिकडे हिवाळा तोंडावर आला म्हणून जावई घराच्या पडवीत बसून एक लाल मशीन दुरुस्त करत होता. जुनीच विकत घेतलेली, लोखंडी, पुढे पातं, वर वाकडं नळकांडं. बर्फ पडला की ती पुढे ढकलत न्यायची, ती बर्फ गिळते आणि बाजूला फेकते, म्हणजे दारातून बाहेर पडायला वाट होते. जावई तिचा गंज खरवडत होता आणि लाल रंग मारत होता. मोठेबाबांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला याला गणती नाही. शेजाऱ्यांना बोलावून दाखवला, दूधवाल्याला दाखवला. "पाय बरं," ते म्हणाले, "आमी थंडी आत वढतो अन् थ्यो बाहेर फेकते. काम एकच हाय." त्या दिवशी त्यांनी जावयाला स्वतःहून फोन लावला आणि कितीतरी वेळ डांबराचं महत्त्व सांगितलं. "ब्रश आडवा मारू नोका बावा, उभा मारा, पानी उतरते मंग." मोठीआई बाजूला बसून म्हणाली, "सोयरीक आता जुळली."

दुःख एकच होतं. ताईच्या मुलीच्या शाळेला सुट्टी लागते जुलैत. मोठेबाबांचा कूलर सजून बसतो एप्रिलात. एकदा, नात अगदी तान्ही असताना, ताई जुलैत आली होती. बाहेर पावसाची झड, आत कपडे वाळत नाहीत, आणि मोठेबाबांनी हौसेनं कूलर लावला. त्यानं खोलीभर असा ओला दमट वारा सोडला की बाळाचं नाक वाहू लागलं आणि ताईनंच उठून बटन बंद केलं. "बंद केलं तिनं," हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं, कधी कूलरची मोटार पुसताना, कधी काहीच कारण नसताना. "नातीपुढं इज्जत गेली त्याची. उन्हायात याले पायजे होतं तिनं." दरवर्षी एप्रिलात रंग लागायचा, दरवर्षी कूलर खिडकीत बसायचा, आणि त्याच्यापुढे दोन चटयांची जागा रिकामी ठेवून मोठेबाबा बाजूला झोपायचे.

आणि मग गेल्या दिवाळीनंतर मोठीआईचा मला फोन आला. "तू ये बाई पह्यले. तुया मोठ्याबाबाचं डोस्कं फिरलं. रेडा खाली काढला त्यायनं. हिवायात!" मी म्हटलं, काढला असेल पुसायला. "पुसाले नाई वं, रंगवाले! तू शिकेल हायस, तूच सांग त्यायले चार शब्द." मी शिकलेली आहेच, तेव्हा चार शब्द काय, चांगलं व्याख्यानच बदनेऱ्याच्या स्टेशनापासून गाडीत तयार करत गेले. अंगणात बघते तर मोठेबाबा मफलर गुंडाळून, स्वेटर घालून, नाकाशी थेंब आणि हातात पॉलिश पेपर, असे कूलरच्या पोटात शिरलेले. गल्लीत एव्हाना सगळ्यांना समजलं होतं. जाणारा येणारा विचारत होता, "बाबा, सिमल्याले पाठवता काय?" गवतवाल्याकडे तर मोठीच गंमत झाली होती. जो माणूस उन्हाळ्यात कूलरचं गवत विकतो, तोच हिवाळ्यात त्याच टपरीवर स्वेटर विकतो. मोठेबाबांनी गवत मागितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, कानटोपी घ्या, कानात हवा गेली वाटते तुमच्या." शेवटी त्याला माळ्यावर चढवून त्यांनी मागच्या उन्हाळ्यातलं उरलेलं गवत खाली काढायला लावलं.

मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. "मोठेबाबा, हे काय करून राहिले तुमी?"

"ताई येऊन राहिली," ते आतूनच म्हणाले. "डिसेंबरात. आठ-दहा रोज."

"हो, मले मालूम हाय. पन डिसेंबरात कूलर कायले?"

ते बाहेर आले. पॉलिश पेपर हातातच होता, त्याच्याकडे बघत म्हणाले, "तिले झोप येत नाई वं."

मग मला सगळं सांगितलं. दिवाळीच्या फोनवर ताई आईशी बोलता बोलता म्हणाली होती की रात्रपाळ्या करून करून तिची झोपच मोडली आहे. दिवसा पडदे लावून पडते, गोळी घेते, पण डोळा लागत नाही. बाहेर बर्फ असला की आवाज म्हणून कसला येत नाही, गाडी नाही, कुत्रं नाही, आणि त्या शांततेतच ती टक्क जागी राहते. "शांततेनं झोप येत नाई म्हने," मोठेबाबा म्हणाले. "मी तवाच समजलो. दहावीपासून ह्याच्या आवाजात झोपेल पोरगी हाय थे. तिले डाक्टर काय देईन?"

माझं व्याख्यान बदनेऱ्याकडेच परत गेलं. मी ड्रेस बदलला आणि ब्रश घेतला. रंग या वेळी ताईनं नाही, नातीनं सांगितला होता: आमच्या बर्फाच्या मशीनसारखा लाल. मोठेबाबांना तो फार पटला. "भाऊच हाय थ्ये," म्हणाले.

पण एक गोष्ट या अकोल्याच्या माणसाला जन्मात माहीत नव्हती, आणि खरं तर मलाही नाही: हिवाळ्यात ऑइलपेंट लवकर वाळत नाही. आम्ही आयुष्यभर एप्रिलात रंग मारत आलेलो. त्यात मोठेबाबांनी नातीसाठी म्हणून हात जरा सढळ ठेवला, एकावर एक तीन थर चढवले. संध्याकाळी बोट लावलं, चिकट. दुसऱ्या दिवशी चिकट. कूलर उन्हात ठेवला, ऊन सरकलं तसा सरकवला, भिंतीची सावली येते म्हणून गल्लीत नेला, तरी चिकट. मी अमरावतीला परत गेले तरी रोज फोन: "वायला नाई." त्यांचा तो स्वर मला अजून आठवतो. ज्या उन्हाचा त्यांनी आयुष्यभर अभिमान बाळगला, ते ऊन ऐन वेळी परक्यासारखं वागत होतं. "ह्या उन्हाले काय झालं, काई समजत नाई," ते म्हणत. "येते, बसते, अन् काम न करता जाते."

ताई आली तेव्हा कूलर अंगणात तसाच उभा होता, लालभडक, आणि त्यावर वस्तीतली सगळी धूळ आणि दोन-तीन माश्या कायमच्या बसलेल्या. ताईनं टॅक्सीतून उतरून वडिलांच्या गळ्यात पडायच्या आधी नेमकं त्यालाच टेकून पाठीवरची पिशवी काढली, आणि तिच्या पांढऱ्या जाकिटाची एक बाही लाल झाली. मोठेबाबा ओशाळून म्हणाले, "उद्या वायते." जावई आले नव्हते; रजा नव्हती, शिवाय बर्फ कोण फेकणार! नात मात्र सात वर्षांची, धीट. "आजोबा, हा तर आमच्या मशीनपेक्षा खूप मोठा आहे," तिनं सांगितलं आणि मोठेबाबा तिथेच अर्धे जिंकले.

पण ताई झोपत नव्हती. मी शाळेला रजा टाकून गेले होते, शेजारीच पडायचे, आणि कधीही कूस बदलली तरी तिचे डोळे उघडेच. दिवसा नातेवाईक, दुपारी पडली तरी छताकडे बघत. तिचे डोळे खोल गेले होते. हसायची तीही उशिरा, कोणीतरी आठवण करून दिल्यासारखी. मोठेबाबा रोज सकाळी कूलरला बोट लावायचे आणि बोटाकडे बघत आत यायचे. "लावा ना तसाच," मी म्हटलं. "नाई वं," ते म्हणाले, "ओल्या रंगावर खिडकीत बसवला तं चिकटून बसन. अन् तिनं मागल्या वेळेसारखं बंद केलं तं?" मग मला कळलं, अडचण रंगाची नव्हती.

निघायच्या आदल्या दुपारी ताई बॅगा भरत होती. मोठीआई स्वयंपाकघरातून आली, बॅगांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "वायू द्या तुमचा रंग! मंग कव्हा लावता? पोरगी गेल्यावर?" आणि तिनं, जिनं जन्मभर रेड्याच्या नावानं बोटं मोडली, तिनं स्वतः बादली उचलली आणि पाण्यानं भरली. मी आणि मोठेबाबांनी गल्लीतली दोन पोरं हाताशी घेऊन रेडा खिडकीत ठेवला आणि तिनं टप भरला. चौघांचे हात लाल. ताई म्हणाली, "बाबा, अहो हिवाळा आहे." मोठेबाबांनी बटन दाबलं.

काय थंडी सुटली म्हणून सांगू! मोठीआईनं घोंगडी घेतली, मी दुलईत शिरले, कॅलेंडर जुन्या ओळखीनं आडवं झालं, आणि ओल्या वाळ्याचा वास डिसेंबरात खोलीभर पसरला. नात तेवढी अर्ध्या बाह्यांच्या फ्रॉकमध्ये मजेत. "हे तर आमच्या घरासारखं आहे," ती ओरडली, कारण आता ओरडणं भाग होतं. ताई हसली. "बंद करू का?" मोठेबाबांनी विचारलं. "थांबा जरा," ती म्हणाली. ती चटईवर टेकली, नुसती, चादर गुंडाळून. तेवढ्यात त्याची जाळी खडखडू लागली. ती पहिल्यापासूनच खडखडते. उजव्या बाजूला हात दाबून धरला की थांबते. मोठेबाबांनी हात लावला. आवाज एकसारखा झाला. ताई त्या आवाजाकडे कान देऊन होती, आणि मग नव्हती. तोंड किंचित उघडं, एक हात गालाखाली, दहावीतल्यासारखी.

मोठेबाबा हलले नाहीत. हात दाबून उभे होते, ते उभेच. मी खूण केली, बसा. त्यांनी मान हलवली, हात काढला की जाळी वाजेल. मोठीआई मध्येच येऊन त्यांच्या खांद्यावर शाल टाकून गेली. दिवेलागण होईपर्यंत ते तसेच होते, दात वाजत होते, आणि चेहऱ्यावर असा तोरा, की अकोल्याचा आकडा देशात पहिला आला असावा. ताई उठली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. त्यांनी हात काढला. रंगात पंजा उमटला होता, पाचही बोटं, तळहातावरच्या रेघांसकट.

यंदा एप्रिलात, जयंतीच्या आधीच्या रविवारी, मी सवयीनं जुना ड्रेस पिशवीत घालून अकोल्याला गेले. गल्लीत भिंती रंगत होत्या, पताका चढत होत्या, ऊन आपल्या मूळ रूपावर आलं होतं. मोठेबाबा रिकामे बसले होते. "यंदा रंग नाई," म्हणाले. "पक्का बसेल हाय." कूलर खिडकीत चालू होता, लाल, आणि उजव्या बाजूला तो पंजा आता दगडासारखा वाळलेला.

ऊन उतरायच्या सुमारास त्यांचा मोबाइल वाजला. तिकडे तेव्हा सकाळ होते, ताईची रात्रपाळी सुटते. पडद्यावर तिचा दमलेला चेहरा, मागे खिडकी, खिडकीत अजून बर्फ. "लावला का बाबा?" "कव्हाचाच लावला." "मग ठेवा." एवढंच. मोठेबाबांनी मोबाइल स्टुलावर, तांब्याला टेकवून, कूलरच्या पुढे ठेवला. पडद्यावर उशीचा एक कोपरा आणि ताईचा अर्धा गाल दिसत राहिला. मग ते खिडकीशी गेले आणि त्या पंजात हात ठेवून उभे राहिले. जाळी थांबली.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आमच्या घरच्या आवाजात, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. रेडा घोंघावत होता, खोलीतलं सगळं उडत होतं, आणि त्याच्यापुढे आम्ही चोरपावलांनी वावरत होतो. मोठीआई कडेवर बादली घेऊन आली. "सरका थोडे," ती कुजबुजली. त्या घरात इतकं हळू बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "पोरगी झोपेल हाय." आणि तिनं बादली टपाच्या काठाला टेकवून पाणी आत सोडलं, अगदी पत्र्याच्या कडेकडेनं, त्याचा आवाज होऊ नये म्हणून.